वकिली थोडक्या दिवसांची, मंत्रिपद पंचवीस वर्षांचं : यशवंतरावांमधला वकील कुठे दिसतो?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं आहे : ‘यशवंतराव चव्हाणांनी प्रत्यक्ष वकिली फारच थोडी केली. तरी वकील असल्यामुळेच ते इतकी वर्षं मंत्रिमंडळात टिकले असं म्हणतात. यात तथ्य किती? आणि राजकारणात जायचं असेल तर आधी काही वर्षं कोर्टात काढावीत का?’

मी गेली चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत दिवाणी बाजूची कामं करतो आहे. वाटपाचे दावे, बांधाचे वाद, विहिरीच्या पाळ्या, वतनाच्या जमिनी, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर देतो ते याच खुर्चीतून.

आधी हिशेब करू. यशवंतराव एलएल.बी. झाले १९४१ साली आणि कराडला त्यांनी वकिलीची सुरुवात केली. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँकवरून चळवळीची हाक आली आणि ते भूमिगत झाले. १९४३ मध्ये आजारी पत्नीला, वेणूताईंना, भेटायला फलटणला गेले असताना पकडले गेले. १९४६ ला मुंबई विधानसभेत निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. म्हणजे सनद हातात असताना कोर्टात उभं राहायला मिळालं ते दिवस फार नव्हते. त्यापुढे १९५२ ते मार्च १९७७ अशी सलग पंचवीस वर्षं ते कुठल्या ना कुठल्या मंत्रिमंडळात होते. आधी मुंबई राज्यात मंत्री, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिकाचे, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेल्या मुंबई राज्याचे, मुख्यमंत्री, १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि नोव्हेंबर १९६२ पासून केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र. नेहरू, शास्त्री, इंदिरा गांधी आणि १९७९ मधले काही महिने चरणसिंग, अशा चार पंतप्रधानांबरोबर त्यांनी काम केलं.

तेव्हा ‘मोठे वकील होते म्हणून मोठे मंत्री झाले’ हे म्हणणं टिकत नाही. गाजलेल्या खटल्यांची शिदोरी त्यांच्याजवळ नव्हती. पण म्हणून वकिलीचा संबंधच नाही असं म्हणालात तर तेही मला मान्य नाही. संबंध आहे, फक्त तो हायकोर्टातल्या युक्तिवादाचा नाही. तालुक्याच्या कोर्टात आवारातल्या झाडाखाली जी वकिली चालते, तिच्याशी तो आहे.

त्यांचं कोर्टाशी नातं सनदेच्याही आधीचं. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच ते प्लेगमध्ये गेले आणि आई विठाबाईंनी मुलं वाढवली. बेलिफ म्हणजे कोण हे शहरातल्या विद्यार्थ्याला आज सांगावं लागतं. समन्स घेऊन दारात येतो तो बेलिफ, आणि हुकूमनाम्याच्या दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीत, जप्तीचं वॉरंट घेऊन येतो तोही बेलिफच. मी माझ्या कामात बेलिफाबरोबर जप्तीला गेलो आहे. घरातली बाई भांडी मोजून बाहेर ठेवते, शेजारी ओट्यावर येऊन उभे राहतात आणि बेलिफ खाली मान घालून पंचनामा लिहितो. कायदा न्यायाधीशाच्या तोंडून ऐकायला एक असतो आणि बेलिफाच्या हातून दारात येतो तेव्हा अगदी वेगळा असतो. ज्या मुलाच्या घरात हे काम पोटापाण्याचं होतं, तो पुढे जमिनीच्या कायद्यांवर सही करायला बसला. हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता झाडाखालच्या वकिलीबद्दल. मी ज्युनिअर असताना दोन भावांचा विहिरीच्या पाण्याचा दावा आमच्याकडे होता. सात वर्षं तारखा पडल्या. शेवटी दोघं तडजोडीला आले आणि मी पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद, लिहायला घेतली : आठवड्याचे चार दिवस मोटर वादीने चालवावी, तीन दिवस प्रतिवादीने. जिंकल्याच्या भरात मी एक ओळ जास्त लिहिली, ‘प्रतिवादीने आपली चूक कबूल केली आहे.’ माझ्या सीनियरनी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. म्हणाले, ‘पाणी मिळालं ना? मग त्याला भावकीत मान खाली घालायला कशाला लावतोस? उद्या तो ही तडजोड मोडेल.’ दिवाणी प्रक्रिया संहितेत तडजोडीसाठी ऑर्डर २३ रूल ३ आहे, तो तुम्ही वाचला असेलच. पण तडजोड टिकवायची असेल तर समोरच्याला घरी जायला वाट ठेवावी लागते, हे त्या रूलमध्ये लिहिलेलं नाही.

यशवंतरावांच्या राजकारणाला ‘बेरजेचं राजकारण’, म्हणजे विरोधकांनाही जोडून घेणारं राजकारण, म्हणतात. माझ्या लेखी ती ही खोडलेली ओळ आहे.

संयुक्त महाराष्ट्राचा काळ आठवा. १९५५ च्या अखेरीस फलटणला त्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंच्या नेतृत्वाच्या बाजूने भूमिका घेतली आणि महाराष्ट्रभर त्यांच्यावर रोष ओढवला. पुढे माणसं गोळीबारात मेली, आणि त्या रोषाला कारण होतं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. ते स्वतः कराडमधून थोडक्या मतांनी आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने मोठी निदर्शनं केली. सरकारने ती होऊ दिली. मग हेच यशवंतराव दिल्लीला पटवत राहिले की द्वैभाषिक चालणारं नाही. शेवटी १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा आला तेव्हा गुजरातला पैसा मिळाला, डांग मिळालं, आणि मुंबई महाराष्ट्राकडे आली. आंदोलनाच्या रेट्याशिवाय हे झालं नसतं, हे मी ठामपणे म्हणतो. पण रेटा होता म्हणून आपोआप झालं असंही नाही. कोर्टात दावा भक्कम असला तरी कागद करणारा लागतो. बेळगाव-कारवारचा भाग त्या कागदात आला नाही. पुढे ते गृहमंत्री असताना, १९६७ मध्ये, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला आणि सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पदरी निराशाच पडली. ते दुखणं अजून आहे.

मुख्यमंत्रिपदाच्या साडेपाच-सहा वर्षांत झालेले कायदे तुम्ही एकदा ओळीने मांडून बघा. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १९६० चा सहकारी संस्थांचा, १९६१ चा शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा, १९६१ चाच जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा. ‘कृषक दिन’, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो १ एप्रिल १९५७, तोही त्यांच्याच कारकिर्दीतला. कुळकायद्यातली ती दुरुस्ती आधीच्या सरकारने केली होती, पण अंमल यांच्या काळात आला. आजही माझ्या टेबलावर ‘बत्तीस ग’च्या, म्हणजे कुळाच्या जमीनखरेदीच्या कलमाच्या, फाइली असतात. नातवंडं भांडत असतात आणि मुळाशी ती एक तारीख असते.

या सगळ्यांत एक कायदा मला फार जवळचा आहे. कनिष्ठ गाववतनं, म्हणजे गावकीच्या वंशपरंपरागत कामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनींची पद्धत, रद्द करणारा १९५८ चा कायदा, जो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. महार वतनाची पद्धत मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. ते तेव्हा मार्गी लागलं नाही. तीस वर्षांनी कायदा झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. काही वर्षांपूर्वी एक आजोबा माझ्याकडे आले. पिशवीत सातबारा, जुने फेरफार आणि एक मळलेली चलनाची पावती. त्यांच्या वडिलांनी आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीतली रक्कम भरून वतनाची जमीन आपल्या नावावर पुन्हा करून घेतली होती, त्याची ती पावती. गावकीची राबणूक सुटली आणि जमीन राहिली, एवढा अर्थ त्या कागदात होता. आजोबा ती पावती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नव्हते. मीही ती त्यांच्या हातात असतानाच वाचली. त्या जमिनींवर विक्रीची बंधनं आली, त्यातून पुढे किती गैरप्रकार झाले हे मी रोज पाहतो, कायद्यातल्या फटी मला पाठ आहेत. तरी तो कायदा झाला नसता तर आजोबांच्या पिशवीत काहीच नसतं.

जिल्हा परिषदेच्या कायद्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. वसंतराव नाईक समितीने शिफारस केली की आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत बसवू नये आणि जिल्हाधिकारीही त्याबाहेर ठेवावा. आपल्याच पक्षाच्या आमदारांच्या हातातून तालुक्याची सत्ता काढून ती दुसऱ्या फळीला देणं कुठल्याही मुख्यमंत्र्याला जड जातं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि पुढच्या दोन पिढ्यांचे मंत्री त्यातूनच आले.

मग दिल्ली. चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचं पद गेलं आणि २१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतरावांनी संरक्षण खात्याची शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली होती. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. पण आत शिरताना त्यांच्या हाती आलं होतं ते पराभूत, एकमेकांवर संशय घेणारं खातं. मंत्री विरुद्ध सेनापती, सेनापती विरुद्ध सचिव. त्यांनी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना सकाळी एकत्र बसवून बैठक घ्यायची पद्धत पाडली. वकिलाला यात ओळखीचं काय दिसतं? पक्षकाराकडून पूर्ण हकिगत ऐकून घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्यांना लष्करातलं काही कळत नव्हतं आणि ते कळतं असा आव त्यांनी आणला नाही. परक्याचं प्रकरण हातात घ्यायचं, चार दिवसांत त्यातले बारकावे समजून घ्यायचे आणि मग त्याच्या वतीने उभं राहायचं, हा वकिलीचा गाभा आहे. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही खाती त्यांनी अशीच वकीलपत्र घेतल्यासारखी चालवली.

नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या, पराभवाची चौकशी झाली, ती हेंडरसन ब्रुक्स अहवालाची. २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी संसदेत त्यावर निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची साखळी, वरच्यांचा खालच्या कामात हस्तक्षेप, हे सगळं त्यात आलं. पण माणसांची नावं घेऊन फासावर चढवणं नव्हतं. ही पुन्हा तीच खोडलेली ओळ. त्यामुळे फौज सावरली, असं मला वाटतं. मात्र मूळ अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, आणि साठ वर्षं झाल्यावरही तो बंद ठेवणं मला वकील म्हणून पटत नाही. पुरावा कधीतरी खुला व्हावाच लागतो.

सावरलेल्या फौजेची परीक्षा १९६५ ला झाली. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले. दुपारी हवाई दल वापरण्याची परवानगी मागण्यात आली. त्याचा अर्थ युद्ध वाढणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि अंधार पडण्याआधी विमानं उडाली. तडजोडीचा माणूस निर्णयाला कचरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दुपार ध्यानात ठेवावी.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी आहात, म्हणून तनख्यांच्या प्रकरणावर थोडा जास्त थांबतो. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे विलीनीकरणानंतर त्यांना सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम, बंद करण्याचा ठराव काँग्रेसने १९६७ ला केला. गृहमंत्री यशवंतराव. रक्कम वर्षाला पाच कोटींच्या आतबाहेर, म्हणजे देशाच्या खजिन्यात फार मोठी नव्हे. अडचण राज्यघटनेची होती. अनुच्छेद २९१ मध्ये तनख्यांची हमी होती, ३६२ मध्ये संस्थानिकांच्या हक्कांची. त्यांनी आधी वाटाघाटी केल्या. दोन-तीन वर्षं संस्थानिकांशी बोलणी चालली, संक्रमणकाळासाठी काही रक्कम देण्याचाही विचार झाला. जमलं नाही. मग घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत त्यांनीच मांडलं. २ सप्टेंबर १९७० ला तिथे ते मंजूर झालं. ५ सप्टेंबरला राज्यसभेत बाजूने १४९, विरुद्ध ७५. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात. दोनशे चोवीसचे दोन तृतीयांश काढून बघा : एका मताचाही पूर्ण फरक नाही, तेवढ्याने विधेयक पडलं. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता एका फटक्यात काढून घेतली गेली. डिसेंबर १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी बहुमताने तो आदेश रद्द केला. संस्थानिकांच्या बाजूने नानी पालखीवाला होते. अखेर निवडणुकीनंतर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले.

माझं मत सांगतो. वाटाघाट योग्य होती, दुरुस्तीचं विधेयक योग्य होतं, आदेश चुकीचा होता. घटनेने दिलेली हमी घटनेच्याच वाटेने काढता येते, आदेशाने नाही. मंत्रिमंडळाचा तो निर्णय होता, आणि मंत्रिमंडळात कायदा शिकलेली माणसं कमी नव्हती.

याच गृहखात्याच्या काळातला आणखी एक कायदा तुम्हाला वकिलीत रोज भेटेल. १९६७ चा बेकायदा हालचाली प्रतिबंधक कायदा. तेव्हाचं त्याचं रूप संघटनांवर बंदी घालण्यापुरतं होतं. आजच्या जामिनाच्या कडक अटी खूप नंतर घातल्या गेल्या. आजच्या तरतुदींचं खापर थेट यशवंतरावांवर फोडणं चूक, पण पाया त्यांच्या खात्यात घातला गेला हेही लपवू नये.

अर्थखात्यात बांगलादेशचं युद्ध, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ ची तेलाची भाववाढ एकामागून एक आली. तिथे त्यांचा बहुतेक वेळ भोकं बुजवण्यात गेला. परराष्ट्र खात्याबद्दल इथे विशेष लिहिण्यासारखं नाही.

आणीबाणीबद्दल मात्र लिहावंच लागेल, नाहीतर हे उत्तर अप्रामाणिक होईल. २६ जून १९७५ च्या सकाळी मंत्रिमंडळाची बैठक झाली, आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही आधीच होऊन गेली होती. यशवंतराव त्या बैठकीत होते आणि गप्प होते. १९३२ साली, एकोणिसाव्या वर्षी, झेंडा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा भोगलेला हा माणूस. राजकारणासाठी तुरुंगात जाणं म्हणजे काय, हे त्या टेबलाभोवती त्यांच्याइतकं कमी जणांना माहीत असेल. मी त्यांना मानतो, म्हणूनच हे मला बोचतं. तडजोडीला दोन पक्ष लागतात आणि दोघांनाही उठून जायची मुभा लागते. ज्या दिवशी समोरच्या पक्षाला कोठडीत घातलं जातं, त्या दिवशी पुरसिस लिहायला काही उरत नाही. तिथे वकिलाने उभं राहून हरकत नोंदवायची असते. ती त्यांनी नोंदवली नाही. पुढे १९७७ ला ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले, जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला, चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले आणि त्या सरकारला सभागृहाला तोंडही देता आलं नाही. आयुष्यभर जपून पावलं टाकणाऱ्या माणसाची ती वर्षं वाचताना वाईट वाटतं. १९८२ ला त्यांना आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. मंत्रिपद पुन्हा आलं नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. राजकारणात जायचंच असेल तर कोर्टात काही वर्षं काढा, पण तालुक्याच्या कोर्टात काढा, आणि दिवाणी बाजूला. फौजदारीत नाव लवकर होतं. दिवाणीत माणसं कळतात. निदान पाच वर्षं द्या, कारण पहिली दोन वर्षं तारीख मागण्यातच जातात. एखादी जप्ती स्वतः डोळ्यांनी पाहा. एखादा वाटपाचा दावा आपसात मिटवून दाखवा आणि तीन वर्षांनी त्या घरी जाऊन बघा, मिटवलेलं टिकलं आहे का. यशवंतरावांना एवढा वेळ मिळाला नाही, पण ते ज्या घरात आणि ज्या गावात वाढले तिथे हे शिक्षण आधीच झालं होतं. तुमचं झालं असेलच असं नाही.

वाचायचं तर त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड जरूर वाचा. तो १९८४ ला आला आणि १९४६ पाशी थांबतो. पुढचे खंड होण्याआधीच, २५ नोव्हेंबर १९८४ ला, ते दिल्लीत वारले. त्यामुळे मंत्रिपदाच्या वर्षांसाठी सभागृहांच्या कामकाजाकडेच जावं लागतं. सप्टेंबर १९७० ची लोकसभेतली तनख्यांवरची चर्चा काढा आणि त्याच डिसेंबरचा अकरा न्यायाधीशांचा निकाल शेजारी ठेवून वाचा. वाचून झाल्यावर काही अडलं तर जरूर विचारा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो.